न पेरलेला ढग

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पर्जन्यछायेतल्या सोलापूरला सातशेच्या आसपास मिळाला तरी लोक समाधान मानतात. या सोलापूरच्या आकाशात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची विमाने हिंडत होती. विमानाच्या पंखांवरच्या नळकांड्या ढगाच्या तळाशी पेटवायच्या, म्हणजे क्षाराचे कण वर ओढले जातात, ओलावा शोषून मोठे थेंब होतात आणि लहानांना गिळीत खाली येतात. काही ढग असे पेरले. तितकेच भरलेले काही मुद्दाम न पेरता जाऊ दिले.

या जाऊ दिलेल्या ढगांविषयी मला लिहावयाचे आहे. तहानलेल्याच्या ओठाशी नेलेले भांडे मागे घेण्याचा अधिकार शास्त्राला कोणी दिला?

वास्तविक ढग एकटा कधीच नसतो. एक बरसला की त्यातून उतरलेली गार हवा जमिनीवर पसरते, शेजारच्या दमट, उष्ण हवेखाली पाचरीसारखी शिरते आणि तिला उचलून दुसरा ढग उभा करते. अशा रांगा, असे पुंजके काही कोसांपासून शे-दीडशे कोसांपर्यंत पसरतात. एका वेधशाळेच्या पर्जन्यमापकाला ते मोठे, आणि देशाच्या नकाशावर लहान. युद्धोत्तर काळात रडारने ते दाखविले, तेव्हा कुठे १९५१ मध्ये या मधल्या पल्ल्याला शास्त्रात वेगळे नाव मिळाले. शिवारात पाऊस का आला, याचे कारण बहुधा या मधल्या घडामोडींत असते. मग क्षार सोडल्यावर अर्ध्या तासाने सर आली, तर ती क्षाराची की शेजारच्या ढगाची?

श्रेय घेण्याचा मोह थोरांनाही सुटत नाही. अमेरिकेत १९४७ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवरील एका चक्री वादळावर सुका बर्फ टाकण्यात आला. वादळ वळून जॉर्जियाच्या किनाऱ्यावर आदळले, आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी लँगम्यूर म्हणत राहिले, की ते आम्हीच वळविले. पुढे दिसून आले, की वादळ आधीच वळू लागले होते. लँगम्यूर लबाड खासच नव्हते. त्यांच्यापाशी तुलनेला न पेरलेले वादळ नव्हते, इतकेच.

सोलापुरी ती तुलना होती. म्हणूनच शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी सुमारे १८ टक्के वाढ, असे काही सांगता आले. (ढगच नसतील त्या वर्षी हे १८ टक्के कशाचे, हेही लक्षात ठेवलेले बरे. दुष्काळात विमानाची मागणी होते ती नेमकी अशाच वर्षी!) तेव्हा ढग सोडावेत, असेच माझे मत आहे. मात्र कोणता सोडायचा हे चिठ्ठीने ठरावे. ते साहेबांच्या मर्जीवर गेले, की बागाईतदाराचा ढग आधी पेरला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण चिठ्ठीने न्याय झाला तरी कर्ज फिटत नाही. न पेरलेल्या ढगाखालच्या शेतकऱ्याने या ज्ञानाला आपला वाटा दिला, तोही न विचारता. पेरलेल्या ढगांचे आकडे अहवालांत येतात. माझी मागणी साधी आहे: सोडलेल्या ढगांची यादी, तारीख आणि वेळेनिशी, ज्या गावांवरून ते गेले त्यांच्या चावडीवर लावावी, मराठीत.