पाहिलं आणि गेले

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे जर्मनीत फ्रायबुर्गला होते, तेव्हा एका रविवारी आम्ही टोटनाउबेर्ग या डोंगरातल्या गावी जाऊन आलो. पुण्याला परतल्यावर जर्मनच्या वर्गात गृहपाठ मिळाला: झालेल्या सहलीवर दहा वाक्यं लिहा. मी लिहिली. ९७ मीटरचा धबधबा पाहिला, चेरीचा केक खाल्ला, मध विकत घेतला. वही परत आली तेव्हा तीन वाक्यांखाली लाल रेघ होती. 'गेले', 'चढले', 'थांबले' या तिन्ही ठिकाणी मी 'हाबे' लिहिलं होतं. तिथे 'बिन' हवं होतं.

बोलताना जर्मन माणूस भूतकाळ सांगतो तो दोन सहायक क्रियापदांच्या आधाराने. 'हाबेन' म्हणजे जवळ असणे, 'झाइन' म्हणजे नुसतं असणे; 'हाबे' आणि 'बिन' ही त्यांची 'मी'बरोबरची रूपं. पाहिलं, खाल्लं, घेतलं यांना हाबेन. गेले, झोपी गेले, जागी झाले, वारले यांना झाइन. जागा बदलली, अवस्था बदलली की झाइन; आणि थांबून राहणे नि खुद्द असणे हेही झाइनच घेतात.

तीस वर्षं मी मराठी व्याकरण शिकवलं, म्हणून ही चूक जास्त लागली. असाच एक भेद माझ्या भाषेतही आहे. 'मी धबधबा पाहिला', 'मी नदी पाहिली'. क्रियापद पाहिलेल्या वस्तूच्या मागे जातं; पाहणारी बाई की पुरुष, हे त्याला ठाऊक नसतं. 'मी गेले' म्हटलं की ते माझ्याकडे वळतं. शिकणे आणि विसरणे सकर्मक असूनही 'मी कविता शिकले', 'मी नाव विसरले' असंच आपण म्हणतो. त्यात बदलते ती मी.

मग प्रश्न उरतो. माझा भूतकाळ माझ्याजवळ असलेली वस्तू आहे, की तो म्हणजेच मी?

टोटनाउबेर्गच्या उतारावर एक लाकडी झोपडी आहे. ती आम्ही पायवाटेवरून, दुरून पाहिली. १९२२ पासून तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर तिथे येऊन लिहीत असे. १९२७ साली आलेल्या 'झाइन उंड त्साइट' या ग्रंथात त्याने दोन शब्द वेगळे केले. 'फरगांगेनहाइट' म्हणजे सरून गेलेलं, जे वस्तूंना लागू. 'गेवेझनहाइट' म्हणजे माणसाचं होऊन गेलेलं असणं. ते मागे पडत नाही; मी आहे, तोवर ते मीच असते. माझ्या वहीतली लाल रेघ याच भेदावरची होती.

पण १९३३ साली हा माणूस फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि नाझी पक्षात गेला. १९६७ च्या जुलैत कवी पाउल त्सेलान त्या झोपडीवर आला. तो ज्यू होता. त्याचे आईवडील छावणीत मेले होते. त्या भेटीवर त्याने 'टोटनाउबेर्ग' ही कविता लिहिली. यजमानाकडून एखादा शब्द यावा ही आशा तिच्यात आहे. ज्या शब्दाची वाट होती, तो हायडेगरने जाहीरपणे कधी उच्चारला नाही. जे झालं ते म्हणजेच आपण, हे ज्याने लिहिलं, त्यानेच आपलं १९३३ कुलपात ठेवलं, जणू ते हाबेनचं होतं. मला याचा राग येतो. विचार खरा असला, तरी तो लिहून कुणी सुटत नाही.

आपणही सुटलेले नाही. तीर्थयात्रेबद्दल आपण काय बोलतो? पुण्य गाठीला बांधलं, पदरात पडलं. सगळं हाबेन. माझी आई पंढरपूरच्या वारीहून परतली की शेजारणी विचारायच्या, काय आणलंस? ती प्रसाद वाटायची आणि एवढंच म्हणायची, "जाऊन आले." मला ते उत्तर अपुरं वाटायचं. आता वाटतं, तेच पूर्ण होतं. भूतकाळातला 'भूत' हा शब्द 'भू' या धातूचा, म्हणजे होण्याचा. भूतकाळ म्हणजे झालेला काळ. गाठीला बांधलेलं सोडून देता येतं, दुसऱ्याला देताही येतं. झालेल्याचा जाब मात्र आपणच द्यायचा असतो.

गृहपाठ मी पुन्हा लिहिला. धबधबा आणि केक यांना दोनच वाक्यं दिली. उरलेल्या आठांत 'बिन' आहे.