अठ्ठेचाळीस तास

माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक अनाथ मुलगी आहे. एक सधन, निपुत्रिक बाई तिला घरी आणते, वाढवते, शिकवते; आणि शेवटच्या प्रकरणात ती मुलगी त्या बाईच्या पायांवर डोके ठेवून रडते. वाचकांची जी थोडीफार पत्रे आली ती बहुतेक ह्याच प्रकरणाबद्दल. मलाही ते चांगले साधले असे वाटत असे. पुढे मरोळ गावठाणातल्या माझ्या एका शेजारणीने ते पुस्तक वाचायला नेले आणि परत देताना एवढेच विचारले, "टीचर, पायांवर डोकं कोणी कोणाच्या ठेवायचं असतं?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, बालवाडीत मुलांना गाणी आणि गोष्टी सांगणारी बाई. असल्या प्रश्नांना उत्तर देण्याइतका तत्त्वज्ञानाचा अभ्यास माझ्यापाशी नाही. पण प्रश्न विचारणारी रोज साडेअकराला आपल्या मुलीला न्यायला माझ्या दाराशी उभी राहते, त्यामुळे तो टाळण्याचीही सोय नाही.

हे कुटुंब ईस्ट इंडियन ख्रिस्ती. पुष्कळांना ही मंडळी गोव्याची वाटतात. ती तशी नव्हेत. ती इथलीच, साष्टीची, घरात मराठी बोलणारी. नाव तेवढे १८८७ साली त्यांनी स्वतः घेतले. त्यांचे जुने देऊळ, म्हणजे १५७९ सालचे सेंट जॉनचे चर्च, आज सीप्झच्या कुंपणात पडक्या भिंतींनी उभे आहे. १८४० मध्ये साथ आली, लोकांनी ती जागा सोडली आणि चर्च मरोळला आले. आता डोक्यावरून सहारच्या विमानतळाची विमाने जातात, नाक्यावर दोन मेट्रो एकमेकींना भेटतात. तरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो आणि भाताच्या नव्या लोंब्या वेदीपाशी जातात. शेते गेली, लोंब्या कुठून तरी आणाव्या लागतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आणलेल्या लोंबीला कोणी परकी म्हणत नाही.

ह्या घरात मूल आणण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. नवऱ्याच्या आत्याबाईंनी पन्नासएक वर्षांपूर्वी एक मुलगा आणला होता. पण कागदावर त्या त्याच्या आई कधीच झाल्या नाहीत. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदूंसाठी. त्यात बौद्ध, जैन, शीख येतात, ख्रिस्ती येत नाहीत. त्यांच्यासाठी १८९० चा पालक आणि पाल्य कायदा होता. मूल सज्ञान झाले की पालकपण संपले. गंमत अशी की त्याच कायद्याखाली परदेशातले ख्रिस्ती जोडपेही मुंबईच्या न्यायालयातून पालक होऊन बाळ घेऊन जाई, आणि आपल्या देशात पोचल्यावर तिथल्या कायद्याने त्याचे रीतसर आईबाप होई. म्हणजे त्याच संस्थेतल्या दोन पाळण्यांतले एक मूल समुद्रापलीकडे गेले तर त्याला आईबाप मिळत, आणि मरोळला आले तर नुसते पालक. विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रिबेलो यांनी म्हटले की ख्रिस्ती दांपत्यालाही दत्तक घेता येते, कारण जगण्याच्या हक्कातच ते येते. मग २००० चा बाल न्याय कायदा, २००६ ची त्यातली दुरुस्ती आणि २०१५ चा नवा कायदा यांनी धर्माची अट पुरती काढून टाकली. आत्याबाई तोवर वारल्या होत्या. त्यांच्या मुलाने शवपेटीला खांदा दिला तेव्हा कोणी त्याच्याकडे कागद मागितला नाही, एवढे खरे.

माझ्या शेजारणीला मात्र कागदावरसुद्धा आईच व्हायचे होते. तिने नाव नोंदवले. मग समाजसेविका घरी आली. तिने पगाराचे कागद पाहिले, स्वयंपाकघर पाहिले, सासूबाईंशी बोलली. सासूबाई तिला म्हणाल्या, "आमच्या घरात मूल उपाशी राहणार नाही, एवढं लिही." मग तीन वर्षांहून अधिक काळ काहीच झाले नाही. आपल्या देशात इतकी अनाथ मुले आणि घ्यायला माणसे नाहीत, अशी माझी जुनी समजूत होती. कादंबरीतही मी तसेच लिहिले आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. कायद्याने दत्तक देण्यास मोकळी झालेली, लहान वयाची, निरोगी मुले थोडी आणि वाट पाहणारी घरे कितीतरी अधिक.

आणि मग एका गुरुवारी संध्याकाळी फोनवर एक फोटो आला.

इथे नियम समजून घेतला पाहिजे. संगणकावर तुमची पाळी येते, तेव्हा मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल दाखवतात. पसंती कळवायला तुमच्यापाशी अठ्ठेचाळीस तास असतात. "पसंती" हा शब्द मी लग्नाच्या संदर्भात लहानपणापासून ऐकत आले. आमच्या घरी चहापोह्यांनंतर माझ्याही वाट्याला तो आला होता, एकदा नकाराने आणि मग होकाराने. आठ महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत तो ऐकला तेव्हा अंगावर काटा आला.

फोटोत मुलगा होता. अहवालात जन्माचे वजन कमी लिहिले होते आणि डोक्याचा घेर वयाच्या मानाने लहान होता. बाकी काही नाही. शुक्रवारी ती दोघे बालरोगतज्ज्ञाकडे गेली. डॉक्टर प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, "कदाचित काहीही होणार नाही. कदाचित तो उशिरा बोलेल, उशिरा शिकेल. आता काही सांगता येत नाही." नवरा विमानतळावर कार्गोत रात्रपाळी करतो. त्या रात्री तो कामावर गेला नाही. दोघे बोलली, मग भांडली, मग गप्प बसली. आपल्यामागे त्याचे कोण करील, हा नवऱ्याचा प्रश्न. तिच्यापाशी त्याला उत्तर नव्हते. शनिवारी संध्याकाळी वेळ संपली. त्यांनी नाही म्हटले नाही. नुसती वेळ जाऊ दिली.

काही महिन्यांनी दुसरा फोटो आला. मराठवाड्यातल्या एका संस्थेतली मुलगी, अहवाल स्वच्छ. तासाभरात त्यांनी होकार कळवला. तीच ही, माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसणारी आणि शेजारच्या मुलाचा डबा खाणारी.

घरी पेढे आणि फुगे वाटले गेले (फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, रबरी नव्हेत). सासूबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "देवानं पाठवली." माझी शेजारीण ते ऐकत उभी होती. सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "टीचर, ही देवानं पाठवली तर मग तो कोणी पाठवला होता?"

हा तिचा दुसरा प्रश्न. पहिला त्याच्याच पोटातून निघाला होता, हे मला फार उशिरा कळले.

मी आधी तिचे समाधान करू पाहिले. म्हटले, पोटच्या मुलाची गोष्ट वेगळी, तिथे निवड नसते. तू निवड करायच्या जागी बसलीस हा तुझा दोष नव्हे. पण हे बोलतानाच माझी जीभ अडखळली. माझ्या मुलाच्या वेळी पाचव्या महिन्यात सोनोग्राफीवर डॉक्टरांना शंका आली होती. पुढच्या तपासणीचा निकाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत निकाल वाईट आला तर काय करायचे, हे आम्ही दोघांनी ठरवून टाकले होते. निकाल चांगला आला. मुलगा आज माझ्यापेक्षा उंच आहे आणि आपण एका अटीवर जन्मलो हे त्याला ठाऊक नाही. तेव्हा पोटचे मूल आणि आणलेले मूल यांत मी जी भिंत उभी करू पाहत होते, ती निदान ह्या बाबतीत तरी उभी राहत नाही. मला चार दिवस मिळाले, तिला दोन.

माझ्या परीने मी बायबलात डोकावले, कारण तिच्या घरी तेच पुस्तक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात योसेफाची गोष्ट आहे. मरीयेला दिवस गेले आहेत आणि मूल आपले नाही, हे कळल्यावर त्या भल्या माणसाने तिला गुपचूप सोडण्याचा विचार केला होता. मग स्वप्न पडले आणि तो तिला घरी घेऊन आला. ख्रिस्ती जग ज्याला पित्याचा आदर्श मानते, त्याच्याही मनात आधी नकार होता, हे त्या पुस्तकाने लपवलेले नाही. मी हे तिला सांगितले. ती म्हणाली, "त्याला स्वप्न पडलं. आम्हांला त्या रात्री झोपच लागली नाही."

आपल्याकडे अशा वेळी फुले दांपत्याचे नाव घेतात, आणि घ्यावेच. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेला १८७४ साली मुलगा झाला, तो त्यांनी पदरात घेतला. तोच यशवंत. पण त्या गृहात काही एकच बाळ जन्मले नव्हते. सावित्रीबाईंनी त्यालाच का घेतले आणि इतरांना का नाही, असा प्रश्न आपण कधी विचारत नाही; विचारणे अप्रशस्त वाटते. एका मुलाची आई होताना इतरांची आई न होणे हे त्यात आलेच. सगळ्यांची आई होते तिला आपण संस्था म्हणतो.

मग चूक कुठे होते? माझ्या मते ती "उपकार" ह्या शब्दापाशी होते. माझ्या कादंबरीतल्या बाईने उपकार केले म्हणून मुलगी पाया पडली. प्रत्यक्षात माझ्या शेजारणीने काय केले? तिला मूल हवे होते. ज्याची भीती वाटली ते तिने जाऊ दिले, जिची वाटली नाही तिला आणले. ह्यात वाईट काही नाही, पण पुण्यही नाही. ती स्वतः हे जाणते, म्हणून शेजारपाजारच्या कोणी "केवढं पुण्याचं काम केलंत" म्हटले की ती आत निघून जाते. मुलीवर तिचे काही देणे नाही. झालेच तर ती त्या मुलाचे देणे लागते, आणि ते फेडण्याचा मार्ग नाही. महाभारतातला कर्ण कृष्णाला म्हणतो की मला पाहून जिला पान्हा फुटला ती राधा माझी आई. राधेने त्याला पाण्यातून काढून वाचवले, असा हिशेब तो तिथे मांडत नाही. प्रेमाचा आधार तो पान्ह्यात दाखवतो. राधेला तो हवा होता, एवढे त्याला पुरले.

त्या मुलाचे पुढे काय झाले? तिला ठाऊक नाही. कळण्याचा मार्गही नाही, आणि नसावा हेच बरे. नियम एवढे सांगतो की ठराविक मुदतीत इथल्या कोणी घेतले नाही तर मुलाचे नाव परदेशातल्या कुटुंबांपुढे जाते. विशेष गरजांच्या मुलांसाठी ती मुदत फार थोडी ठेवलेली आहे. वाढत्या वयाची आणि अधू मुले अशाच वाटेने अमेरिका, इटली, स्पेन अशा देशांत जातात. एके काळी ह्या वाटेवर गैरव्यवहार फार होते. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींनी त्यावर नियम घालून दिले. तरीही परदेशी माणसे आपली मुले नेतात म्हणून आपला अभिमान अजून दुखावतो. माझाही दुखावत असे. आता मला वाटते, रागावण्याआधी आपण त्या मुलाचा फोटो किती तास पाहिला होता, ते आठवावे. त्या लोकांना भीती वाटत नसेल असे नाही. कदाचित त्यांच्याकडे आपल्यामागे मुलाचे करणारी काही व्यवस्था असेल, आणि माझ्या शेजाऱ्याचा रात्रीचा प्रश्न त्यांना तितका छळत नसेल. धैर्य कोणाचे अधिक हे मी सांगू शकत नाही. परिस्थितीचाही त्यात वाटा असतो.

मुलगी मोठी झाल्यावर तिला आणल्याचे सांगायचे, हे घरात पहिल्यापासून ठरले आहे. प्रश्न आहे तो पुढचा. "तुझ्याआधी एक होता," हेही सांगायचे का? मी म्हटले, सांगू नकोस. मुलाला असे वाटू नये की आपल्यालाही कोणी अठ्ठेचाळीस तास मोजत होते. शेजारीण म्हणते, सांगणार. लपवले तर मुलगी जन्मभर उपकाराखाली राहील. आमचा हा वाद दोन वर्षे चालला आहे. अलीकडे माझ्याच बाजूला बोलायला मला शब्द कमी पडतात, कारण चार दिवसांची माझी गोष्ट मीही अजून घरात काढलेली नाही.

गेल्या वर्षीपासून त्या शनिवारच्या तारखेला ती चर्चमध्ये एका मुलासाठी मिस्सा सांगते. कचेरीतल्या माणसाने वहीत लिहिण्यासाठी नाव विचारले. तिने सांगितले, नाव नको, नुसते "एक मुलगा" लिहा. अहवालावर त्याचे नाव होते, ते तिला पाठ आहे; एकदा तिने मलाही सांगितले. मी ते इथे लिहीत नाही. ते त्याचे आहे, आणि एव्हाना कोणीतरी बदललेही असेल.