बिल्डच्या वेळचं दैव
योगवासिष्ठाच्या मुमुक्षु प्रकरणात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव नावाची वेगळी शक्ती नाही. पूर्वी केलेल्या पुरुषार्थाचं फळ समोर उभं राहतं, त्यालाच लोक दैव म्हणतात. माणसाच्या बाबतीत हे पडताळायला मागचा जन्म उघडून पाहता येत नाही. जावाच्या मायक्रोसर्व्हिसचा येतो, बिल्डचा लॉग उघडला की झालं. फ्रेमवर्क निवडताना वेगाचे आणि मेमरीचे तक्ते पुढे केले जातात, पण त्या तक्त्यांच्या मुळाशी जुनाच प्रश्न आहे: आधीच ठरवून टाकणं म्हणजे स्वातंत्र्य गमावणं का?

2014 मध्ये स्प्रिंग बूटने टॉमकॅटसारखा सर्व्हर ॲप्लिकेशनच्या पोटातच घातला. सर्व्हिस सुरू होताना ते क्लासपाथ चाळतं, कोणत्या लायब्ररी हाताशी आहेत ते पाहतं आणि मग जुळणी ठरवतं. पुढे 2018 मध्ये मायक्रोनॉट आणि 2019 मध्ये क्वार्कस आले. त्यांनी या जुळणीचा बराच भाग बिल्डच्या वेळीच उरकला. ग्राल व्हीएमची नेटिव्ह इमेज तर जगच बंद मानते. रिफ्लेक्शनने नावावरून शोधायच्या क्लासची नोंद तिला आधी मिळाली नाही, तर तो लिहिलेला असूनही चालू सर्व्हिसला सापडत नाही. मोबदल्यात सर्व्हिस सेकंदाच्या अंशात उभी राहते. हॉटस्पॉट जेव्हीएमची वाट उलटी. ती सावकाश तापते, पण कोणती मेथड सारखी लागते ते पाहून, अंदाज बांधून तिचा मशीन कोड बनवते आणि अंदाज चुकला की तो कोड टाकून पुन्हा इंटरप्रिटरकडे वळते. स्वतःचं मत इतक्या निमूटपणे मागे घेणारे तत्त्वज्ञ थोडेच.

माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कोणता क्लास कोणाला जोडायचा, हे लिहिणाऱ्याला आदल्या दिवशीच माहीत असतं. ते सुरू होण्याच्या क्षणापर्यंत ढकलणं हे स्वातंत्र्य नव्हे, नुसती चालढकल आहे. कोणती वाट गजबजेल हे मात्र चालल्याशिवाय कळत नाही, आणि तिथे घाईने लावलेला निकाल खरोखर पायातली बेडी होतो. मर्यादा नसणं म्हणजे मोकळीक, या समजुतीचं काय होतं तेही कंटेनरने दाखवलं. जावा 10 च्या आधी, आणि जावा 8 च्या जुन्या अपडेटमध्ये, जेव्हीएम कंटेनरला घातलेली मेमरीची मर्यादा पाहत नसे. यजमान मशीनची 64 जीबी दिसली की तिचा चौथा हिस्सा, म्हणजे 16 जीबी, ती हीपची कमाल मर्यादा धरी. कंटेनरला दिलेली असे 1 जीबी. हीप त्यापलीकडे वाढू लागला की कर्नल प्रोसेस मारून टाकी. ती मर्यादा आधीपासून होतीच, फक्त जिच्यावर घातली होती तिला ठाऊक नव्हती.

यावर कोणी म्हणेल, प्रोग्रामला इच्छा नसते, मग दैव-पुरुषार्थाची भाषा कशाला? इच्छा टीमची असते हे खरं. पण बिल्ड करणारे आणि रात्री अडीचला पेजर वाजल्यावर उठणारे पुष्कळदा वेगळे असतात, आणि एकाचा पुरुषार्थ दुसऱ्याचं दैव होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: प्रमाणित एपीआयवर लिहावं, म्हणजे फ्रेमवर्क केव्हाही बदलता येईल. मात्र जावा ईई ऑरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर, 2020 च्या जकार्ता ईई 9 मध्ये, पॅकेजांचं नावच javax सोडून jakarta झालं, आणि प्रमाणाला धरून लिहिलेल्या कोडलाही आपले इम्पोर्ट बदलावे लागले. प्रमाणाने बांधिलकी सैल होते, सुटत नाही.

म्हणून महिनोन्महिने चालणाऱ्या सर्व्हिसला, स्प्रिंग येणारी टीम असेल तर, स्प्रिंग बूट आणि साधी जेव्हीएम पुरे. मागणी आली की उठायचं आणि संपली की मिटायचं, अशा सर्व्हिसला क्वार्कस किंवा मायक्रोनॉटची नेटिव्ह इमेज घ्यावी. पण रिफ्लेक्शनच्या नोंदी आणि मेमरीची मर्यादा रात्री उठणाऱ्याला आधी वाचायला द्यावी.