आजचे चिंतन : स्वतःला सावरणे म्हणजे एकट्याने सावरणे का?

आज वाचनात गीतेच्या सहाव्या अध्यायातला पाचवा श्लोक होता. माणसाने स्वतःला स्वतःच वर काढावं, आपला मित्र आपणच आणि शत्रूही आपणच, असा त्याचा आशय. हा श्लोक मला कॉलेजपासून पाठ आहे आणि बरीच वर्षं मी त्याचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावत होतो.

मला अपस्मार आहे. आमच्या घरात अजूनही "फिट येते" असंच म्हणतात. पहिली फिट इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या मेसमध्ये आली. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी कोणाची तरी चप्पल होती. (चप्पल, कांदा यांचा काही उपयोग नसतो. माणसाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावं, तोंडात काहीही घालू नये आणि पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर १०८ ला फोन करावा. एवढं तरी घरी सगळ्यांना सांगून ठेवा.)

जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट उपचार मिळाले तर १० पैकी ७ जणांचे झटके थांबू शकतात. मी उरलेल्या तिघांतला. गोळ्या वेळेवर घेऊनही वर्षातून दोन-तीनदा फिट येतेच, आणि बहुधा झोपेत. त्यामुळे बाथरूमला कडी लावायची नाही, पोहायचं नाही, गाडी चालवायची नाही, दार उघडं ठेवून झोपायचं. नोकरीसाठी पुण्यात एकटा राहतो म्हणालो तेव्हा सांगलीहून आईचा एकच प्रश्न होता, "रात्री तुला काही झालं तर मला कोण सांगणार?" तिची भीती पोकळ नव्हती. अपस्मारात कधीकधी अचानक मृत्यू येतो, बहुतेक वेळा रात्री, जवळ कोणी नसताना. मोठ्या माणसांत हे प्रमाण वर्षाला साधारण हजारात एक आहे.

आईच्या प्रश्नाला उत्तर मिळालं ते मनगटावरच्या एका बँडमुळे. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत एमआयटीच्या प्राध्यापक रोझालिंड पिकार्ड भावना मोजण्यासाठी मनगटावरचे सेन्सर बनवत होत्या. त्यांच्या एका विद्यार्थ्याने सुट्टीत ते आपल्या धाकट्या भावाच्या दोन्ही मनगटांना बांधले. एका हातावरचा आलेख अचानक प्रचंड उसळलेला दिसला. सेन्सर बिघडला असेल असं त्यांना वाटलं, पण चौकशी केल्यावर कळलं की त्याच सुमारास त्या मुलाला फिट आली होती. शोध घेत होत्या भावनांचा, हाती लागलं हे! पुढे २०१८ मध्ये अशा एका मनगटी उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. हाताची लयबद्ध थरथर आणि त्वचेवरच्या घामातला बदल, या दोन्हींवरून ते मोठी फिट ओळखतं आणि फोनमार्फत आपल्या माणसांना कळवतं. ते फिट थांबवत नाही, फक्त हाक मारतं.

माझी हाक आईला आणि शेजारच्या काकूंना जाते. काकूंकडे घराची किल्ली आहे. रोज झोपताना आईला मेसेज करायचा, "बँड घातला." एवढ्या अटीवर मला माझं घर, माझं दार आणि माझी कडी मिळाली.

मग एका गुरुवारी देवळात भजनाला टाळ वाजवत होतो. अभंग द्रुत लयीत गेला आणि बँडला वाटलं, मला फिट आली. माझा फोन पिशवीत, सायलेंटवर. काकू चप्पलही न घालता देवळात धावत आल्या. सगळं भजन थांबलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला इतकी लाज वाटली की घरी येऊन बँड ड्रॉवरमध्ये टाकला. आईला मात्र रोज मेसेज जात राहिला, "बँड घातला." आठ रात्री मी असं खोटं बोललो. मनात हाच श्लोक होता, माझं मी बघेन!

नवव्या दिवशी सकाळी जाग आली ती पलंगाखाली. जीभ चावलेली, अंग ठणकत होतं. दोन दिवसांनी धीर करून आईला फोन केला. ती रागावली नाही. तिने विचारलं, "किती वाजता आली होती?" मी म्हणालो, "माहीत नाही." बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "त्या रात्री मी किती दिवसांनी निवांत झोपले होते रे."

त्या वाक्याने मला श्लोक पुन्हा वाचायला लावला. माझा जीव माझा, धोकाही माझा, असं मी म्हणत होतो. पण ज्या झोपेवर माझ्या जिवाचा भार होता ती झोप आईची होती, आणि ती मी फसवून घेतली होती. बँड काढण्याचा हक्क मला होता. सांगून काढला असता तर ते स्वातंत्र्य ठरलं असतं. खोटं बोलून काढला, तो नुसता अहंकार होता. आपला शत्रू आपणच म्हणजे काय, ते मला त्या ड्रॉवरपाशी कळलं.

ऑफिसात आमच्या सर्व्हरवर रात्रभर पहारा असतो आणि बिघाड झाला की कोणीतरी उठतं. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मग माझ्याच बाबतीत का वाटावा? स्वतःला वर काढायचं म्हणजे कोणाचा हात धरायचाच नाही, असं त्या श्लोकात कुठे आहे? हात वर करणं हे आपलं काम. तेवढं मात्र दुसरं कोणी करू शकत नाही.

याच अध्यायात पुढे खाणं-झोपणं बेताचं ठेवायला सांगितलं आहे. माझे डॉक्टरही तेच सांगतात, जागरण नको, गोळी चुकवू नको. आता भजनाला जाताना काकूंना सांगून बँड काढून ठेवतो आणि घरी आल्यावर परत घालतो. आई माझं लोकेशन दिवसभर बघत नाही, अलार्म आला तरच बघते. हे आम्ही दोघांनी बोलून ठरवलंय.

पांडुरंगा, मला फिट येऊ नये असं मागणं मी पूर्वी रोज मागायचो. अजूनही मागतो, खोटं कशाला बोलू? पण आज त्याच्या आधी एक मागतो. रात्रीचा तो दोन शब्दांचा मेसेज रोज खरा असू दे.

राम कृष्ण हरी.