सूरत, सीरत आणि खलनायक

माणूस वाईट ठरतो तो कशाने? त्याच्या कृत्याने की त्याच्या चेहऱ्याने? सहावी-सातवीतला कोणताही मुलगा ‘कृत्याने’ असेच उत्तर देईल. पण त्याच मुलाच्या हाती कागद-पेन्सिल देऊन ‘एक बदमाश काढ’ म्हणा, तो गालावर व्रण, डोक्यावर टक्कल आणि वर चढलेल्या भुवया काढून मोकळा होतो. आम्ही शिक्षक मंडळी हे नेहमी पाहतो. यात मुलांचा दोष नाही. उर्दूत सूरत आणि सीरत हे शब्द जोडीने येतात. सूरत कागदावर उतरते, सीरत उतरत नाही. ही सोय जगभर रुजवण्यात अमेरिकेच्या कॉमिक्सचा वाटा मोठा आहे. गंमत अशी की, त्या कॉमिक्सचा सर्वांत प्रसिद्ध नायक जन्मला तेव्हा त्याचे दुश्मन अगदी चारचौघांसारखे दिसत होते.

जून १९३८च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी त्याला घडवले. हा सुपरमॅन सुरुवातीला कुणाशी लढतो? बायकोला मारणाऱ्या नवऱ्याशी. फाशीच्या दारात उभ्या असलेल्या बेगुनाह बाईला सोडवण्यासाठी तो धावतो. दुसऱ्या अंकात युद्धावर पैसा करणाऱ्या शस्त्रांच्या कारखानदाराला तो शिपाई होऊन रणांगणावर जायला भाग पाडतो. तिसऱ्यात एका खाणमालकाला त्याच्या मेजवानीच्या पाहुण्यांसह त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून ठेवतो. मजूर रोज कशात उतरतात ते शेठजींना तिथे कळते. या जुलमी लोकांच्या अंगावर उत्तम कोट आहेत. रस्त्यात भेटले तर आपण सलाम करू.

हे फार काळ टिकले नाही. डोंगर उचलणाऱ्या नायकापुढे खाणमालक किती पाने टिकणार? जून १९३९मध्ये ‘अल्ट्रा-ह्युमनाइट’ आला. पांगळे शरीर, टक्कल पडलेले डोके, अफाट बुद्धी. सुपरमॅनच्या तोडीचा हा पहिला दुश्मन, म्हणजे ज्याला पुढे सुपरव्हिलन म्हणू लागले त्या जातीचा. १९४०मध्ये ल्युथर आला तो लाल केसांचा; वर्षभरात त्याचेही टक्कल झाले. बरोबरीचा शत्रू हवा ही कथेची गरज आम्हाला मान्य आहे. दास्तान-ए-अमीर हमजामध्येही जादूगारांशिवाय रंग भरत नाही. पण बरोबरीचा म्हणजे पांगळा आणि विद्रूप, हे कुठून आले?

याचे सर्वांत बोलके उदाहरण जोकरचे आहे. १९४०च्या वसंतात ‘बॅटमन’च्या पहिल्या अंकात तो आला. त्याच्या त्या हास्यामागे १९२८च्या ‘द मॅन हू लाफ्स’ या चित्रपटातील कॉनराड फाइट या नटाचा चेहरा होता. तो चित्रपट व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९च्या कादंबरीवरून काढलेला. त्या कादंबरीतला ग्विनप्लेन कोण होता? लहानपणी राजाच्या मर्जीने ज्याचा चेहरा कापून कायमचा हसरा केला गेला असा एक मुलगा. स्वतः बर्फात बेवारस पडलेला असताना तो मेलेल्या आईच्या छातीशी बिलगलेली एक तान्ही पोर उचलून घेतो. मोठेपणी उमरावांच्या सभेत गरिबांसाठी बोलायला उभा राहतो, आणि उमराव त्याचा चेहरा पाहून हसतात. कॉमिक्सवाल्यांनी हा चेहरा उचलला आणि त्याखालचा माणूस फेकून दिला. मजलूमाची सूरत जालीमाला चिकटवली. ह्यूगोचे ते उमराव याहून वेगळे काय करत होते?

जोकर त्याच अंकात मरायचा होता. एवढा कामाचा खलनायक वाया का घालवावा, असा विचार करून संपादकांनी शेवटी तो जिवंत असल्याचे एक चित्र घालायला लावले. तेव्हापासून तो मरत नाही.

१९४२मध्ये ‘टू-फेस’ आला. हा मूळचा सरकारी वकील. भर कोर्टात आरोपी त्याच्या तोंडावर ॲसिड फेकतो, अर्धा चेहरा जळतो आणि तो गुन्हेगार होतो. प्रत्येक वेळी नाणे उडवून तो भले करायचे की बुरे ते ठरवतो. आम्हाला हे पात्र इतरांहून अधिक विचार करायला लावते, कारण त्याचा खरा गुन्हा त्या नाण्यात आहे. निवड करण्याची जबाबदारी तो धातूच्या तुकड्यावर टाकतो. पण वाचणाऱ्या पोराच्या डोक्यात राहतो तो जळलेला गाल. आपल्याकडे ॲसिडने चेहरा जळालेल्या मुली आहेत. त्यांच्याकडे लोक कसे पाहतात हे सांगायला नको.

चेहऱ्यावरून ओळखायचे एकदा ठरले की मग कौमही चेहऱ्यावरून ओळखली जाते. मार्च १९३७च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या पहिल्याच मुखपृष्ठावर एका चिनी माणसाचा क्रूर चेहरा होता. महायुद्धात जपानी माणसे सुळे दाखवणारी काढली गेली. त्याच काळात, १९४२पासून, अमेरिकेने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या रहिवाशांना छावण्यांत डांबले. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. हे कॉमिक्समुळे घडले असे आम्ही म्हणत नाही. पण हा अन्याय पाहणाऱ्याला तो खटकू नये, याची तयारी अशा चित्रांनी करून ठेवली होती. पुढे १९७१मध्ये बॅटमनला नवा शत्रू मिळाला, त्याचे नावच अरबी, ‘रअस अल-गूल’, म्हणजे गूलचे डोके. आकाशातल्या एका ताऱ्याचे हे जुने अरबी नाव. आमचे विद्यार्थी तारा म्हणून ते ओळखत नाहीत, खलनायक म्हणून ओळखतात.

त्या खाणमालकाचे काय झाले? १९८६मध्ये जॉन बर्नने सुपरमॅनची कथा नव्याने मांडली तेव्हा ल्युथर वेडा शास्त्रज्ञ राहिला नाही. तो शहरातला सर्वांत श्रीमंत उद्योगपती झाला, उत्तम कोट घालणारा, ज्याला सगळे सलाम करतात असा. सुरुवातीला त्याच्या डोक्यावर थोडे लाल केसही होते. पुढे तेही गेले.