दिसले तर

तर झालं असं की आम्ही चौघांनी अंदमानला जायचं ठरवलं. पंधरा दिवस, माणशी वीस हजारांत. चौघेही हॉस्टेलपासूनचे, त्यामुळे एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारतो. भुसावळवाला, एरंडोलवाला, शिरपूरवाला आणि मी अमळनेरवाला. रिंग रोडवरच्या एरंडोलवाल्याच्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि एक्सेल शीट सुरू झाली. माझ्या पिढीत प्रवास असाच सुरू होतो, आधी शीटमध्ये.

आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "तठे जाईसन काय करशी?" तिच्या डोक्यात अंदमान म्हणजे काळं पाणी. तिथे माणसाला पाठवतात, माणूस आपल्या पायाने जात नाही. मी तिला समुद्राचा फोटो दाखवला. तिने पाहिला आणि विचारलं की तापीपेक्षा इतकं काय आहे त्यात.

स्वस्तात जाण्याची एक नशा असते, ती केल्याशिवाय कळत नाही. जळगावहून नवजीवन एक्सप्रेसने स्लीपरमधून चेन्नई. तिथून विमानाऐवजी जहाजाचा बंक क्लास, म्हणजे जवळजवळ तीन दिवस समुद्रात. जहाजाच्या तारखांचा भरवसा नसतो, म्हणून चेन्नईत दोन दिवस हातात ठेवायचे. येताना विमान, पण महिने आधी काढलेलं. बेटांवर खाजगी क्रूझ नाही, सरकारी फेरी. हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप, २०१८च्या डिसेंबरात नाव बदललं) डॉर्म. सोबत बिबडे, कळण्याच्या पिठाचा डबा, शेंगदाण्याची चटणी. भुसावळवाला प्रत्येक ओळीतून पन्नास-शंभर रुपये असे काढत होता जसा कोणी माशातून काटा काढतो. वीस हजार चारशेवर आलो तेव्हा त्याने चक्क टाळी दिली.

चौदाव्या ओळीत लिहिलं होतं: "बाराटांग. चुनखडीच्या गुहा + जारवा (दिसले तर)." ती ओळ मीच लिहिली होती.

शिरपूरवाल्याने स्क्रीन स्वतःकडे वळवली, ओळ वाचली आणि म्हणाला, "ही काढा."

आम्हाला वाटलं पैशांमुळे म्हणतोय. भुसावळवाल्याने लगेच सांगितलं की अख्ख्या ट्रिपमधला हा सगळ्यात स्वस्त दिवस आहे. स्कूबाला हजारो जातात, इथे बसचं तिकीट, गुहेपर्यंतच्या बोटीचं भाडं आणि जेवण. तो म्हणाला, "तेच म्हणतोय. काढा."

शिरपूरवाला पावरा आहे. त्याचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. त्या रात्री मला त्याचा राग आला होता, हे आधीच सांगून टाकतो. सहलीचं ठरत असताना कोणी असं नैतिकतेचं भिजलेलं घोंगडं अंगावर टाकलं की राग येतोच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पोर्ट ब्लेअरहून (२०२४पासून श्री विजयपुरम) उत्तरेला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या चौकीपासून मिडल स्ट्रेटपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर. गाड्या ठरलेल्या वेळी, पोलिसांच्या सोबतीने ताफा करून सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही. लोक पहाटे तीनला उठून पहिल्या ताफ्यासाठी रांग लावतात. गुहा बऱ्या आहेत म्हणतात, खारफुटीतून बोटीने जाताना छान वाटतं म्हणतात. पण पहाटे तीनला माणूस चुनखडीसाठी उठत नाही. हे त्या बसमधल्या प्रत्येकाला माहीत असतं.

२०११च्या जनगणनेत जारवांची संख्या होती ३८०. आमच्या हॉस्टेलमध्ये याहून जास्त पोरं असतील. १९९७च्या सुमारापर्यंत ते बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते. मग स्वतःहून जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव जंगलातला हा रस्ता बंद करायला सांगितलं. रस्ता चालू राहिला. २०१२च्या जानेवारीत एका ब्रिटिश वर्तमानपत्राने व्हिडिओ छापला. त्यात जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला सांगितलं जात होतं. देशभर गदारोळ झाला, नियम कडक झाले.

त्या सगळ्या बातम्यांमध्ये एक तपशील पुन्हा पुन्हा येतो. पर्यटक गाडीतून बिस्किटं आणि केळी फेकायचे. केळी. आम्ही जळगाव जिल्ह्यातली माणसं, आमच्याकडे केळी ही फेकायची वस्तू नाही. रावेरला घड उतरवताना मजूर त्याला खांद्यावर बाळासारखा घेतो, डाग पडला तर भाव पडतो.

आता आमचा वाद. तो अगदी साधा होता आणि मला वाटतं तुमच्याही मनात हेच आलं असेल. आपण फोटो काढणार नाही. काही फेकणार नाही. खिडकीत बसू, दिसले तर दिसले. बस आपल्यामुळे निघत नाही, आपण नसलो तरी निघणार. मग आपल्या न जाण्याने कोणाचं काय वाचतं?

हा युक्तिवाद मी कॉलेजात अनेकदा वापरलाय. कॉपीच्या वेळीही. त्याची गंमत अशी की तो कुठल्याही एका माणसाच्या बाबतीत खरा असतो आणि सगळ्यांच्या बाबतीत मिळून खोटा. बस आपल्यामुळे निघत नाही, पण आपल्यासारख्या चाळीस जणांमुळे निघते आणि त्या चाळीसपैकी प्रत्येकाकडे हेच वाक्य तयार असतं. तरीही मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. समजा बस खरंच रिकामी जाणार असेल आणि माझ्या बसण्याने कणभरही फरक पडणार नसेल. तरी त्या खिडकीत बसण्यात काही वाईट उरतं का? मला वाटतं उरतं, पण ते नेमकं काय, हे सापडायला वेळ लागला.

एरंडोलवाल्याने दुसरी बाजू मांडली आणि ती हलकी नव्हती. तो म्हणाला, बघण्यात काय पाप आहे? आपण फुले मार्केटला रोज हजार लोकांना बघतो. आणि जारवा रस्त्यावर येतात ते स्वतःच्या मनाने. त्यांनी बाहेरच्यांना भेटायचं की नाही, हे जळगावातल्या खोलीत बसून आपण कोण ठरवणार? शिवाय बाराटांगला बोट चालवणारे, चहा-भजी विकणारे आहेत. पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आलेल्यांची, रांचीहून मजूर म्हणून नेलेल्यांची नातवंडं. त्यांचं पोट या गिऱ्हाइकांवर आहे. आपण पवित्र राहायचं आणि त्यांनी उपाशी राहायचं?

मी यावर बरेच दिवस विचार केला. फुले मार्केटमध्ये मी ज्याला बघतो तो मलाही बघतो. नको वाटलं तर "काय बघतो रे?" म्हणतो, भाव चढवून सांगतो, पाठ फिरवतो. दोघांच्याही हातात काहीतरी असतं. पन्नास किलोमीटरच्या ताफ्यात तसं काही नाही. बस थांबू शकत नाही, म्हणजे तो माणूस माझ्याशी बोलू शकत नाही. मला हाकलूही शकत नाही, कारण पुढे-मागे पोलीस आहेत. तो फक्त दिसू शकतो. जो नियम त्याच्या संरक्षणासाठी केला (आणि तो हवाच), त्याच नियमाने काच आणखी जाड केली. सेंटिनेली लोकांनी आपलं म्हणणं बाणांनी कळवलंय. २०१८मध्ये तिथे गेलेला अमेरिकन तरुण मेला, तरी २०२५च्या मार्चमध्ये आणखी एक जण शीतपेयाचा कॅन आणि नारळ ठेवून आला, त्याला अटक झाली. जारवांचं म्हणणं इतकं सरळ नाही. काही जण रस्त्यावर येतात, काही येत नाहीत. पण एरंडोलवाल्याचा प्रश्न उलटाही विचारता येतो. त्यांनी बाहेर येणं हे त्यांचं ठरवणं असेल, तर त्यातून मला त्यांना बघायला जाण्याची परवानगी कुठून मिळाली? माझी आजी ओट्यावर बसते ती स्वतःच्या मनाने. म्हणून कोणी तिच्या ओट्यासमोरून रोज दोनदा गाड्यांचा ताफा नेला तर?

बघायला नेण्याचा हा धंदा जुना आहे. इंग्रजांनी दोनशे कैद्यांची पहिली तुकडी १० मार्च १८५८ला पोर्ट ब्लेअरला उतरवली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एका अंदमानी माणसाला पकडून कोलकात्याला नेलं होतं. त्याला कपडे चढवले, 'जॅक' असं नाव दिलं. बघायला लोटच्या लोट आले. तो आजारी पडला, तेव्हा परत नेऊन किनाऱ्यावर सोडला. आपण मराठी लोक अंदमानला सेल्युलर जेलसाठी जातो, सावरकरांच्या कोठडीसमोर उभे राहतो, डोळे भरून येतात. ते काही खोटं नाही. पण आपल्याला जी जागा शिक्षा म्हणून ठाऊक आहे ती कोणाचं तरी अंगण होती, हे त्या कोठडीत उभं राहून लक्षात यायला हवं आणि सहसा येत नाही. मलाही ते इथे बसूनच सुचतंय.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. दुसऱ्या वर्षाला असताना शिरपूरवाला मला होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराला घेऊन गेला होता. पेपरात भोंगऱ्याबद्दल दरवर्षी जे छापून येतं, की इथे मुलं मुलींना पळवून नेतात वगैरे, ते वाचूनच मी गेलो होतो. प्रत्यक्षात तो बाजार होता. होळीसाठी गूळ, फुटाणे, हारकडे घ्यायला आलेली माणसं, ढोल, बासऱ्या, नात्यागोत्याच्या भेटी. मी फोटो काढत सुटलो. गळ्यात चांदी घातलेली एक मुलगी पावा ऐकत उभी होती, तिचा काढला. इन्स्टाग्रामवर टाकला, खाली लिहिलं 'सोल ऑफ सातपुडा'. सहाशे अकरा लाइक आले. माझा आजवरचा विक्रम.

चौदाव्या ओळीवरून वाजलं त्या रात्री, बाकीचे झोपल्यावर, गच्चीत शिरपूरवाल्याने मला विचारलं, "तो फोटो आहे का अजून?"

कुठला, असं मी विचारलं नाही. म्हणजे मला माहीत होतं.

"का रे, तेव्हा का नाही बोललास?"

"तू माझा पाहुणा होतास. आईने तुला जेवायला वाढलं होतं."

मग मी एक चूक केली. जारवांबद्दल त्याला काय वाटतं, असं विचारलं. म्हणजे 'तुम्हा लोकांना' काय वाटतं, अशा सुरात. तो हसला. म्हणाला, "मला जारवांचा वकील करू नको भो. मी अंदमान पाहिलेलं नाही, मलाही बीचवर लोळायचंय. मला बसमधल्या लोकांची तोंडं माहीत आहेत, एवढंच. आमच्या बाजारात दरवर्षी उतरतात ती."

त्या खिडकीत काय वाईट उरतं, ते मला इथे थोडं कळलं. मी त्या मुलीचं काही हिसकावलं नव्हतं. तिला कदाचित कधी कळलंही नसेल. पण त्या बाजारात मी एकटाच असा होतो की ज्याने काही विकत घेतलं नाही, कोणाशी भाव केला नाही, कोणाला नाव सांगितलं नाही, आणि तरी सगळ्यांत जास्त घेऊन आलो. फुकटात. बजेट ट्रिपमध्ये आपण जे पैसे वाचवतो त्यातले काही खरोखर आपल्या कष्टाचे असतात, बंक क्लासमध्ये तीन दिवस उलट्या करून वाचवलेले. आणि काही वाचतात कारण जे घेतलं त्याची किंमत सांगायला समोरच्याला जागाच दिलेली नसते. शीटमध्ये हे दोन्ही एकाच रकान्यात येतात. भुसावळवाल्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, मग दुसरा रकाना टाक, पण बेरीज वीसच आली पाहिजे.

त्याचं बरोबर होतं. तत्त्व पाळायचं तर ते बेरजेत दिसायला हवं. जारवांच्या जंगलाला वळसा घालून समुद्रातून बाराटांगला जाण्याचा मार्ग २०१७मध्ये पर्यटकांसाठी सुरू झाला होता. बोटवाल्यांचं पोट हा एरंडोलवाल्याचा मुद्दा मला अजून टोचतो, आणि त्यावर हाच एक उपाय दिसतो. फेब्रुवारीत ती बोट चालते का, कुठल्या दिवशी आणि कितीला, हे भुसावळवाला फोन करून विचारतोय. महाग पडेल हे उघड आहे. मग एरंडोलवाल्याची स्कूबा जाईल, किंवा चौघांची हॅवलॉकची एक रात्र. एरंडोलवाल्याचं म्हणणं, गुहेचा एवढा सोस कोणाला आहे, सरळ बाराटांगच काढा. काल रात्रीपर्यंत हे मिटलेलं नव्हतं.

फोटो मी काढून टाकला. शिरपूरवाल्याला स्क्रीन दाखवली, बघ, गेला. त्याने मान हलवली. नवजीवनची तिकिटं निघाली आहेत, चार स्लीपर, त्यातलं एक वेटिंग तीन. ते कोणाचं, यावरून आता नवीन भांडण सुरू आहे.