मुघलांना वगळून मराठे शिकवता येत नाहीत

‘मुघल कशाला शिकवायचे, आपला इतिहास आपल्याला पुरेसा आहे,’ हे वाक्य आता व्यासपीठावरून ठणकावून सांगितले जाते आणि त्याला टाळ्या पडतात. 2017 साली बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात मुघल आक्रसले, तेव्हा ते ऐकले. 2023 मध्ये एनसीईआरटीने बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबारांवरचे प्रकरण काढले, तेव्हा ते आणखी जोरात ऐकू आले. बोलणारे स्वतःला मराठ्यांचे अभिमानी म्हणवतात. माझे त्यांच्याशी भांडण आहे, आणि ते मराठ्यांच्याच बाजूने आहे.

1665 चा पुरंदरचा तह घ्या. मिर्झाराजे जयसिंग कोण, एक रजपूत राजा औरंगजेबाची फौज घेऊन दख्खनेत का येतो, मनसब म्हणजे काय, यातले काहीच ठाऊक नसेल तर अकरावीच्या मुलाला तेवीस किल्ले सोडण्यामागची घालमेल कशी कळणार? 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. दख्खनच्या सहा सुभ्यांतल्या मराठ्यांच्या वसुलीवर बादशाही शिक्कामोर्तब झाले ते या सनदांनी. आणि ज्या औरंगजेबाने आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षे दख्खनेत घालवली, त्याचे बळ किती होते हेच झाकून ठेवले, तर संताजी, धनाजी आणि ताराबाई कोणाशी झुंजले ते मुलांना कसे समजावे?

हे सर्वांत नीट ओळखले होते सेतुमाधवराव पगडींनी. हैदराबाद संस्थानात प्रशासकीय सेवा केलेला, उर्दू-फारसी-तेलुगूच नव्हे तर गोंडी आणि कोलामीचाही अभ्यास केलेला हा माणूस. मराठ्यांचा इतिहास शत्रूच्या दप्तरातही आहे, हे ओळखून त्यांनी फारसी कागद मराठीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले. ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ चाळून पाहा. मुघल छावणीत कारकुनांनी रोजच्या रोज टिपलेल्या नोंदी त्यात आहेत: कोणाची मनसब वाढली, कोणाची घटली, मराठ्यांनी कुठे रसद तोडली. त्या कारकुनांना मराठ्यांचे गोडवे गायचे नव्हते. म्हणून तर त्यांची साक्ष मोलाची. भीमसेन सक्सेनाच्या आठवणीही पगडींमुळे मराठीत वाचता येतात. दलपतराव बुंदेल्याच्या चाकरीत राहून दख्खनची मोहीम डोळ्यांनी पाहिलेला हा कायस्थ मुघल फौजेची दमछाक आतून सांगतो. मराठ्यांच्या चिवटपणाचा याहून भक्कम पुरावा कोणत्या पोवाड्यात सापडणार? पगडींना पद्मभूषण दिले गेले, आणि त्यांचा मार्ग मात्र आपण वर्गाबाहेर ठेवला.

मग वगळलेला धडा परत छापला की झाले का? प्रकरण वगळल्याचा निषेध करणाऱ्यांना तसे वाटते. मला वाटत नाही. कारण धडा असतानाही वर्गात काय होत होते? ‘टीपा लिहा’, ‘कारणे स्पष्ट करा’, ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’, आणि त्यासाठी पाठ केलेले गाइड. अकबरावर पाच ओळी पाठ केलेला आणि अकबर अजिबात न वाचलेला, अशा दोन मुलांत फारसा फरक राहत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलापुढे एकाच घटनेचे दोन परस्परविरोधी कागद ठेवले गेले नाहीत, तर कोणता राजवंश पुस्तकात आहे याला काय अर्थ? 2025 मध्ये एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकातल्या नकाशात जैसलमेर मराठी सत्तेखाली दाखवल्यावरून वाद पेटला. त्या काळात थेट अंमल, चौथाई आणि खंडणी हे सत्तेचे वेगवेगळे प्रकार होते. एकाच रंगाने रंगवलेल्या नकाशात ते मावत नाहीत. अकरावीच्या वर्गात तासभर बोलावे असा हा विषय. तो आपण अस्मितेच्या भांडणात संपवला.

असे विषय शोधायला लांब जावे लागत नाही. हे लिहितो आहे सांताक्रूझमधून. मुंबई विद्यापीठाचे कलिना संकुल इथेच, त्यातला इतिहास विभागही इथलाच. ही सारी जमीन साष्टी बेटाची. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने ती पोर्तुगीजांना दिली. 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला, आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. गुजरातची सल्तनत, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, सगळे या एका बेटावर येऊन गेले. कलिना-वाकोल्यातल्या ईस्ट इंडियन कुटुंबांचा धर्म, बोली आणि शेती या सगळ्यातून घडली. तरी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात वसईची मोहीम ही दूरच्या कुठल्या मुलखातली लढाई म्हणून शिकवली जाते. वि. का. राजवाड्यांनी 1924 मध्ये छापलेली महिकावतीची बखर याच उत्तर कोकणाची. तिचे नाव ऐकलेली मुले मला क्वचित भेटतात.

अकरावी-बारावीला इतिहास शिकवणाऱ्या सरांना आणि बाईंना माझी विनंती आहे. पुस्तक कोण बदलेल याची वाट पाहू नका. मुलांच्या प्रकल्पासाठी यंदा ‘मुघल कला’ किंवा ‘शिवरायांचे किल्ले’ असा विषय देऊ नका. पगडींनी मराठीत आणलेली दहा पाने द्या, शेजारी त्याच वर्षांची मराठी पत्रे किंवा बखरीतला मजकूर द्या, आणि दोन्हींत काय जुळत नाही तेवढेच लिहून आणायला सांगा.